मिस्सेत टाळ्या, हात वर आणि शनिवारची वेगळी मिस्सा : तुमच्या धर्मग्रामात काय चाललंय?

पानमळा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज राहवेना. आमचं धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चचा परिसर) वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या दूधवाल्याच्या आधी कोणीतरी दारात उभं असेल. यंदा मी पॅरिश कौन्सिलवर निवडून आलोय (म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नाही).

आमच्याकडे वीसेक वर्षांपासून कॅरिस्मॅटिक (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणारा) प्रार्थना समूह आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये जमतात, गातात, साक्ष देतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. आजवर त्यांचं ते, आमचं आम्ही. आता त्यांनी फादरांकडे अर्ज दिलाय. शनिवारी रात्री आठला समूहासाठी स्वतंत्र मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) हवी, गायक त्यांचे, कीबोर्ड आणि ड्रम त्यांचे, आणि कम्युनियननंतर (पवित्र भाकर घेऊन झाल्यावर) अर्धा तास आरोग्यदानाची प्रार्थना. शिवाय रविवारच्या साडेआठच्या मिस्सेतही हल्ली ते हात वर करतात, 'पवित्र, पवित्र, पवित्र'ला टाळ्या धरतात. मागच्या बाकांवरच्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या आधी त्यांच्याकडे बघतात, मग एकमेकींकडे.

घरातच दोन पक्ष आहेत. आई समूहात. बाबा चर्चच्या जुन्या कोयरमध्ये (गायकवृंदात), चाळीस वर्षं हार्मोनियमवर. गेल्या रविवारी प्रभूच्या प्रार्थनेला आईने हात उंच केले आणि बाबांचा सूर चुकला. मी तरी पहिल्यांदाच चुकलेला ऐकला. घरी येईपर्यंत स्कूटरवर दोघं एक अक्षर बोलले नाहीत.

पुढच्या बैठकीत मत द्यायचंय. तुमच्याकडे असं झालंय का? काय केलंत?

सुकेळीप्रेमी
सोपं आहे. बैठकीच्या दिवशी ताप आला म्हणून कळव. फक्त समूहाला कळू देऊ नकोस, नाहीतर आठ जण घरी येऊन डोक्यावर हात ठेवतील.

इंदुरी_पोहे
मी ख्रिस्ती नाही, उत्सुकता म्हणून विचारतो. चर्चमध्ये टाळ्या वाजवल्या तर बिघडतं काय? आमच्या भजनाला टाळ्यांशिवाय रंगच चढत नाही.

शेवटची_एसटी
पोहे, प्रश्न रास्त आहे. भजनात ज्याला जसं सुचेल तसं तो गातो. मिस्सा ही ठरलेली उपासना आहे. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, कुठे गप्प बसायचं, सगळं सगळ्यांचं एकदम. त्यात दहा जणांनी आपलं वेगळं सुरू केलं की बाकीचे तीनशे आपोआप प्रेक्षक होतात. माझा आक्षेप एवढाच.

बाकी मी १९५०चा जन्म. लॅटिन मिस्सा पाहिलेली आहे. फादर पाठमोरे, पुटपुटल्यासारखा आवाज, आणि आमची आजी तेवढ्या वेळात जपमाळ पूर्ण करायची. साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर) मराठी आली तेव्हा 'आता आपण प्रोटेस्टंट झालो' असं म्हणणारी माणसं आमच्या आळीत होती. मग १९६९ साली रोमने भारतासाठी बारा बदलांना परवानगी दिली. चपला बाहेर, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, आरती. समई बघून आमचे एक चुलते भर चर्चमध्ये म्हणाले, "आता अंगारा पण देणार का?" वर्षभर त्यांनी पहिला बाक सोडून दाराजवळ उभं राहून मिस्सा ऐकली. पुढे त्यांच्याच अंत्यविधीला आरती झाली.

म्हणून मी एकदम 'बंद करा' म्हणणार नाही. पण समई सगळ्यांसाठी आली होती. ड्रम एका गटासाठी येतोय.

दादरचा_पोपट
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

कॅनन_कारकून
पानमळा, अर्जाचे दोन तुकडे करा.

शेवटचा तुकडा, कम्युनियननंतरची आरोग्यदानाची प्रार्थना, त्यावर मत द्यायची गरजच नाही. रोमच्या विश्वाससिद्धांत मंडळाची १४ सप्टेंबर २०००ची सूचना स्पष्ट आहे : मिस्सेत, इतर संस्कारविधींत अशा प्रार्थना घुसवायच्या नाहीत. विश्वासूंच्या प्रार्थनेत आजाऱ्यांसाठी एक विनंती चालते, ती आजही होतेच. मिस्सेबाहेर प्रार्थनासभा घ्यायला हरकत नाही, पण ती बिशपांच्या देखरेखीखाली, आणि तिथेही उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी नको असं त्याच सूचनेत लिहिलंय.

पहिला तुकडा खरा चर्चेचा. श्रद्धावंतांना आपल्या पद्धतीची आध्यात्मिकता जपण्याचा आणि मंडळं काढण्याचा हक्क आहे (चर्चच्या कायद्याची कलमं, कॅनन २१४ आणि २१५). हक्क आहे म्हणून प्रत्येक मंडळाला आपली मिस्सा मिळायला हवी, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

सुकेळीप्रेमी
कारकून आले. आता धागा शंभरी गाठणार.

नास्तिक_नाना
ड्रम कशाला? देव काही बहिरा नाही.

दादरचा_पोपट
नाना, गेल्या वर्षी तुमच्या सोसायटीच्या गणपतीला डीजे कोणी ठरवला होता?

नास्तिक_नाना
तो वर्गणीचा प्रश्न होता.

कोळणीची_लेक
इथे सगळे पुरुष 'शिस्त' आणि 'पद्धत' बोलतायत, म्हणून लिहिते.

माझी आई मासे विकायची. चौथी शिकलेली. आमचं चर्च मोठं, पण वाचनाला व्यासपीठावर कायम त्याच तीन घरांतली माणसं. शिकलेली, वाड्यांची, शुद्ध बोलणारी. आईने पन्नास वर्षं टोपली उतरवून, साबणाने दोनदा हात धुऊन मिस्सा ऐकली आणि तरी मागे बसली, वास येईल म्हणून. तिला कोणी 'मागे बस' म्हणालं नव्हतं. म्हणायला लागत नव्हतं.

नव्वदच्या दशकात शेजारीण तिला प्रार्थना समूहात घेऊन गेली. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिला साक्ष द्यायला उभं केलं. मी तेव्हा बारा वर्षांची, हॉलच्या खिडकीत. माईक हातातून बोंबलासारखा निसटेल की काय असा तिने दोन्ही हातांनी धरला होता. चार वाक्यं बोलली. "माझा नवरा पितो. मी रोज रडायची. मी प्रार्थना करायला लागली. आता कमी रडते." आणि खाली बसली. बाप दारूतून सुटला का? नाही सुटला. आईने तसं सांगितलंही नाही. पण त्या दिवसापासून आमच्या आळीत तिला बायका नावाने हाक मारायला लागल्या, त्याआधी ती 'अमक्याची बायको' होती.

आता दुसरी बाजूही सांगते. एका रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनाशिबिराला (कुठलं ते सोडा) प्रवचन करणारा म्हणाला की श्रद्धा असेल तर गोळ्या कशाला. मावशीने साखरेच्या गोळ्या सोडल्या. पायाच्या बोटाला चिंच-गुळाच्या बरणीची काच लागली होती, ती जखम भरेना, चिघळली, बोट काढावं लागलं. ती अजूनही म्हणते की माझीच श्रद्धा कमी पडली. त्या माणसाचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं.

दोन्ही एकाच चळवळीत पाहिलं. म्हणून बाजू घेता येत नाही. पण आईचा तो माईक काढून घेणाऱ्यांच्या बाजूने तर नक्कीच नाही.

इंदुरी_पोहे
ताई, _/\_

मडगांवकर
लेकताईंना अनुमोदन, आणि गोव्यातून थोडी भर. 'वेगळा गट म्हणजे ऐक्याला धोका' हे वाक्य नव्या चळवळींबद्दलच का ऐकू येतं? आमच्याकडे कन्फ्राद, म्हणजे चर्चमधली बंधुमंडळं, शतकानुशतकं आहेत. पूर्ण प्रापंचिकांची, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या माणसांची. फेस्ताचा (सणाचा) मान, मिरवणुकीत खुरीस (क्रूस) धरण्याचा मान, अंगावर पांढरा झगा आणि वर लाल आखूड अंगरखा. कित्येक गावांत अमुक जातीच्या माणसालाच त्यात प्रवेश, यावरून भांडणं, कोर्टकचेऱ्या. त्याला आपण 'परंपरा' म्हणतो. आणि कोळणीने टाळी वाजवली की 'शिस्त'.

शेवटची_एसटी
मडगांवकर, टोला मान्य. लेकताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. वाचनाची तीन घरं आमच्याकडेही आहेत आणि खरं सांगायचं तर त्यातलं एक माझं.

तरी एक गोष्ट गिळता येत नाही. आमच्या समूहातले लोक स्वतःला 'आत्म्याने भरलेले' म्हणतात आणि आम्हाला 'नावाचे ख्रिस्ती'. माझी बायको तीस वर्षं व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीतून गरिबांच्या घरी तांदूळ पोचवत होती. तिला एका पोरसवदा पुढाऱ्याने विचारलं, "मावशी, तुम्हाला येशू भेटलाय का?" ती म्हणाली, "भेटतो, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दहा किलो लागतात त्याला."

सुकेळीप्रेमी
हे फ्रेम करून लावा.

टाळी_वाजवणारी
मी समूहात आहे, अठरा वर्षं. इथे आमच्यातलं कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते.

आधी गैरसमज. ही चळवळ प्रोटेस्टंटांनी आत घुसवलेली नाही. त्यांच्याकडून ठिणगी मिळाली हे खरं, पण कॅथलिकांमध्ये ती १९६७ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका रिट्रीटमधून सुरू झाली, आणि १९७५च्या पेन्टेकॉस्टला सहाव्या पॉल पोपनी रोममध्ये हजारो कॅरिस्मॅटिकांचं स्वागत केलं. पोप फ्रान्सिसनाही आधी आम्ही पसंत नव्हतो. २०१३ला रिओहून परतताना विमानात त्यांनी पत्रकारांना स्वतःच सांगितलं की पूर्वी मी म्हणायचो, ही माणसं उपासनेची आणि सांबा नाचाच्या शिकवणीची गल्लत करतात. पुढे ओळख झाल्यावर त्यांचं मत बदललं, हेही त्यांनीच सांगितलं.

आमच्यात परभाषेत प्रार्थना होते (कोणत्याच ओळखीच्या भाषेतले नसलेले उच्चार), ती म्हणजे काय ते लिहून सांगता येत नाही. जवळचं माणूस गेल्यावर आपण जो आवाज काढतो त्याला व्याकरण असतं का? तसंच काहीतरी, फक्त आनंदाचंही असतं. बाहेरून विचित्र दिसतं, मला माहीत आहे. माझा मुलगा लहानपणी घाबरून बाकाखाली गेला होता.

शेवटची_एसटी, 'नावाचे ख्रिस्ती' म्हणणारे आमच्यात आहेत. मी त्यांना टोकते. पण रविवारी मिस्सा बेचाळीस मिनिटांत उरकून सगळे भजीपाव घ्यायला पळतात, कोणी कोणाला 'बरी आहेस का' विचारत नाही, हेही बघा. नवरा गेला तेव्हा माझ्याकडे तेराव्या दिवसानंतर आलं ते फक्त समूहातलं माणूस.

कॅनन_कारकून
चांगला प्रतिसाद. एक व्यवहाराचा प्रश्न : तुमच्या समूहाचा पुढारी किती वर्षं तोच आहे? रोमच्या प्रापंचिकांच्या मंडळाने ११ जून २०२१ला आदेश प्रसिद्ध केला. प्रमुखपदाची एक मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, सलग दहा वर्षांच्या वर कोणी राहायचं नाही. संस्थापकांना मंडळ सूट देऊ शकतं. हा आदेश त्या मंडळाने मान्यता दिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनांसाठी आहे, गावच्या समूहाला थेट लागू नाही. पण कारण सगळीकडे तेच : खुर्चीला चिकटलेला माणूस हळूहळू स्वतःच 'आत्म्याचा आवाज' होऊन बसतो.

पानमळा
आमच्या समूहाचे पुढारी १९ वर्षं तेच आहेत.

कोळणीची_लेक
आणि कौन्सिलचे उपाध्यक्ष?

पानमळा
...सोळा.

दादरचा_पोपट
😂😂

ओसाका_वसईकर
मूळचा वसईचा, सध्या जपानमध्ये. शनिवार रात्रीच्या वेगळ्या मिस्सेवरून इथे काय रामायण झालं ते ऐका.

निओकॅटेक्युमेनल वे म्हणून एक चळवळ आहे. १९६४मध्ये माद्रिदच्या झोपडपट्टीत किको आर्ग्वेयो आणि कार्मेन एर्नांदेझ यांनी सुरू केली. छोटे छोटे समुदाय, वर्षानुवर्षं चालणारं धर्मशिक्षण, आणि शनिवारी संध्याकाळी समुदायाची आपली मिस्सा, मोठं टेबल, घरी भाजलेली बेखमीर भाकर. २००५मध्ये रोमने त्यांना पत्र पाठवलं की महिन्यातून निदान एक रविवार धर्मग्रामाच्या मिस्सेला या, आणि कम्युनियन बसून घेणं थांबवा. २००८ला त्यांच्या घटनेला कायमची मंजुरी मिळाली. त्यात शनिवारची मिस्सा राहिली, पण इतरांनाही खुली हवी आणि कम्युनियन उभं राहून घ्यायचं असं ठरलं.

जपानमध्ये कॅथलिक साडेचार लाखांच्या आत. शिकोकू बेटावरचा ताकामात्सु धर्मप्रांत तर अगदीच छोटा होता. तिथे १९९०मध्ये या चळवळीची सेमिनरी (फादर घडवणारं विद्यालय) निघाली. पुढे धर्मप्रांतात उभी फूट पडली, आणि २००९ला सेमिनरी बंद करून रोमला हलवावी लागली. २०१०च्या डिसेंबरात जपानचे बिशप रोमला गेले आणि या चळवळीचं काम पाच वर्षं थांबवू द्या म्हणाले. पोप बेनेडिक्टनी ते मानलं नाही.

ती माणसं वाईट होती असं मला म्हणायचं नाही. त्यातलं एक सहा मुलांचं स्पॅनिश कुटुंब मी पाहिलंय, बोचकी बांधून परक्या देशात आलेलं, कमालीची श्रद्धा. पण रविवारी सकाळी चर्चमध्ये आधीच चाळीस माणसं, त्यातली बारा शनिवारी रात्री वेगळीकडे गेली, तर उरलेल्यांनी कोणाबरोबर गायचं? तुमच्याकडे चारशेतले साठ गेले तर जाणवणार नाही कदाचित. पण ते साठ गाणारे असतील तर जाणवेल.

पानमळा
गाणारेच आहेत :(

ठाकुर्ली_लोकल
माझे शेजारी केरळचे, सिरो-मलबार (कॅथलिकच, पण उपासनेची पद्धत वेगळी), कल्याण धर्मप्रांतातले. त्यांच्या नातेवाइकांचं एर्नाकुलमला याहून अवघड झालंय. तिथे ना ड्रम, ना टाळ्या. फादरांनी कुठे तोंड करून उभं राहायचं, एवढाच वाद. २०२१च्या सिनडने (बिशपांच्या सभेने) सगळ्यांसाठी एकच पद्धत ठरवली, अर्धी मिस्सा लोकांकडे तोंड, मधला मुख्य भाग वेदीकडे तोंड. एर्नाकुलममधल्या बऱ्याच फादरांनी आणि लोकांनी ते मानलं नाही. २०२२च्या शेवटी कॅथेड्रल बंद पडलं, आत धक्काबुक्की झाली. शेजारीण म्हणते, "लग्न ठरवताना आता मुलगा काय करतो हे नंतर, फादर कुठे बघतात हे आधी विचारतात."

नास्तिक_नाना
आमच्या वारकरी मंडळींच्या दिंडीतही पुढे कोण चालणार यावर भांडण होतं. चालू द्या.

सुकेळीप्रेमी
आता जरा गंभीर होतो, सवय नाही, सांभाळून घ्या.

'प्रापंचिकांची चळवळ' म्हटलं की मला वेगळंच आठवतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मी शाळेत होतो. आमच्या केळीच्या वाडीत विहिरीचं पाणी खाली चाललं होतं, टँकर रात्रंदिवस उपसा करत होते, आणि शेतं बिल्डरांच्या नकाशावर गेली होती. मोर्चाला आजोबा लाल टोपी घालून गेले. त्यांच्या शेजारी हिंदू वाडवळ, पलीकडे कोळी. कोणी विचारलं नाही तू हात वर करतोस की जोडतोस. (हात वर सगळ्यांचेच होते, घोषणा द्यायला.)

आज माझ्या धर्मग्रामात प्रार्थना समूहात नव्वद जण आहेत, जुन्या कोयरमध्ये चोवीस. गावचं तळं बुजवायला घातलं तेव्हा ग्रामसभेला दोन्हीकडचे मिळून पाच आले. दोन्ही पक्षांनी भांडावं जरूर, पण एवढं एक लक्षात राहिलंय माझ्या.

शेवटची_एसटी
पाचातला एक मी होतो का? आठवत नाही, बहुतेक नव्हतो.

टाळी_वाजवणारी
मीही नव्हते.

दादरचा_पोपट
धागा भलतीकडे चाललाय पण थांबू नका.

कॅनन_कारकून
विषयावर येतो. पानमळा, मधला मार्ग : वेगळी मिस्सा नाही. महिन्यातल्या एका रविवारी साडेआठच्या मिस्सेचं गायन समूहाकडे, गाणी कोयर आणि फादरांनी आधी बघून दिलेली. आरोग्यदानाची प्रार्थना शुक्रवारी हॉलमध्येच, आणि सुरुवातीलाच जाहीर करायचं की डॉक्टरांचं औषध कोणी बंद करायचं नाही. तीन घरांच्या वाचनाची यादी मोडून नवी करा, हे मात्र समूहाने मागितलेलं नसलं तरी करा.

कोळणीची_लेक
शेवटच्या दोन मुद्द्यांसाठी शंभर वेळा +१.

ओसाका_वसईकर
'एका रविवारी' म्हणजे बाकीच्या तीन रविवारी ते येणार का, हे आधी विचारून घ्या.

पानमळा
मंडळी, बैठक झाली. सगळं लिहितो.

साडेसातची बैठक आठला सुरू. पहिली पन्नास मिनिटं सणाच्या दिवशीच्या पार्किंगवर गेली, कोणाच्या वाडीत गाड्या लावायच्या आणि केळीची रोपं कोण भरून देणार. मग आमचा विषय. फादरांनी ती २०००ची सूचना वाचून दाखवली (कारकून, धन्यवाद, मीच प्रिंट काढून दिली होती), त्यामुळे कम्युनियननंतरची प्रार्थना पाच मिनिटांत निकालात निघाली. समूहाच्या पुढाऱ्यांनी ती शांतपणे मान्य केली, ते मला अपेक्षित नव्हतं. मग मी वाचनाची यादी बदलायचं म्हटलं. शनिवारच्या मिस्सेवर झाली नव्हती एवढी गरमागरमी त्यावर झाली. उपाध्यक्ष म्हणाले, "उच्चारांचं काय?" मी लेकताईंच्या आईची गोष्ट सांगितली, नाव न घेता. थोडा वेळ पंख्याचाच आवाज येत होता. शेवटी ठरलं की दर महिन्याला दोन नवीन वाचक. एक समूहातून नसेल, एक वाचनाच्या नेहमीच्या घरांतून नसेल.

वेगळ्या मिस्सेचं : "उपवासकाळात नको, ईस्टरनंतर बघू."

ड्रमसेट सॅक्रिस्टीशेजारच्या (फादरांच्या तयारीच्या खोलीशेजारच्या) खोलीत होता. तिथे आता सणाच्या खुर्च्या ठेवायच्यात, म्हणून फादरांनी समूहाला तो हलवायला सांगितलं. आईने टेम्पो बोलावला. आता तो आमच्या ओटीवर आहे, वर जुनी चादर.

सुकेळीप्रेमी
आणि बाबा???

पानमळा
पहिले दोन दिवस मागच्या दाराने ये-जा करत होते. काल संध्याकाळी शेजारचा पोरगा चादर काढून बडवायला बसला. बाबा आत हार्मोनियम पुसत होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आतूनच ओरडले, "अरे, दादरा आहे तो! केरवा काय बडवतोस?"

शेवटची_एसटी
आईचं काय म्हणणं?

पानमळा
ती स्वयंपाकघरात होती. हसल्याचा आवाज आला.

दादरचा_पोपट
ते सगळं ठीक. पार्किंगचं काय ठरलं?

पानमळा
तेही ईस्टरनंतर.